दांडा शाबूत आहे

९ जानेवारी

ही वही मला कंपनीत तीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल मिळाली. चामड्याचं कव्हर, आत खुणेची फीत. गुड्रुनने, म्हणजे आमच्या मालकिणीने, कॅन्टीनच्या टेबलावर छोटा झेंडा उभा केला, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे हुर्रे केलं आणि रास्पबेरीच्या वड्या संपताच मंडळी पांगली. एवढ्या कोऱ्या कागदांचं करायचं काय? लिस्बेट म्हणाली, "किराणा लिही." बायकोला काही सांगण्यात अर्थ नसतो. पुढेमागे कुणी कंपनीचा इतिहास लिहायला घेतलाच, तर माझी बाजूही त्याच्या हाताशी असावी म्हणून मी आजपासून दैनंदिनी लिहिणार आहे.

आम्ही भिंतीवर बसवायच्या छोट्या क्रेन बनवतो. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा माणसांना कापडी झोळीत बसवून, उचलून न्हाणीघरात न्यायचं, हे तिचं काम. भिंतीला बोल्टांनी जखडलेली एक पोलादी पाटी, पाटीतून बाहेर आलेला दांडा, दांड्याच्या टोकाला झोळी. या क्रेनची ड्रॉइंग्ज मी काढतो. ती मोडेल की नाही हे एगोन ठरवायचा, पेन्सिलीने, कागदावर. म्हणून तो इंजिनिअर आणि मी ड्राफ्ट्समन. डेन्मार्कमध्ये कुणी कुणापेक्षा मोठा नसतो हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून शिकवतात, आणि तरी कॅन्टीनमध्ये एगोन बोलायला लागला की लोक चावायचे थांबत. मीही कुणापेक्षा मोठा नाही असं सगळ्यांना सांगत असतो. अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही.

तर एगोन निवृत्त झाला. आणि नव्या क्रेनला मान्यता हवी असेल तर हिशेब कॉम्प्युटरवर केलेला हवा, असं वरून आलंय. गुड्रुनने विचारलं, "फायनाइट एलिमेंट कोण शिकेल?" तिचं वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता. आणखी कुणाचाच हात वर नव्हता हे मी जरा उशिरा पाहिलं.

१६ जानेवारी

तंत्रशाळेत पहिला तास. दर मंगळवारी संध्याकाळी जायचं आहे. वर्गात सगळी पवनचक्क्यांच्या कारखान्यांतली पोरं. मास्तरांचं नाव अस्ब्योर्न, स्वेटर कोपरांवर विरलेलं.

पद्धत तशी सोपी आहे. एखादी वस्तू किती ताण सोसेल हे एकदम सांगता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर तिचे बारीक बारीक तुकडे करायचे. त्याला जाळी म्हणतात. कुठला तुकडा शेजाऱ्याला किती ओढतो ते प्रोग्रॅम मोजतो, सगळं जुळवतो आणि वस्तू रंगवून दाखवतो. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. आमची घरांची सोसायटीही याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे निळं काही नसतं.

अस्ब्योर्न म्हणाला, "हा प्रोग्रॅम तुम्ही सांगाल ते सगळं खरं मानतो. तुमच्या घरीसुद्धा तुमच्यावर इतका विश्वास कुणी ठेवत नसेल." मी सर्वांत मोठ्याने हसलो, म्हणजे मला कळलंय हे त्याला कळावं. घरी येऊन लिस्बेटला सांगितलं. ती जरुरीपेक्षा जास्त वेळ हसली.

२४ जानेवारी

आज नव्या क्रेनचा दांडा पहिल्यांदा प्रोग्रॅमला दिला. पाटीची मागची बाजू निवडली, 'पक्का आधार' यावर क्लिक केलं, झाली भिंत. आयुष्यात इतक्या पटकन माझं कुठलंच बांधकाम झालं नव्हतं. मग टोकाला दोन जाड माणसांचा भार लावला. उत्तर आलं आणि मला घाम फुटला. दांडा केळ्यासारखा वाकून टोक जमिनीला टेकलेलं.

मी धावत वर्कशॉपमध्ये गेलो आणि विलुमला म्हटलं, कापणं थांबव, पोलाद परत पाठव. विलुम वर्कशॉपचा प्रमुख. तो कधी घाई करत नाही, आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. म्हणून मी गुड्रुनला ओढत आणलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि खालच्या कोपऱ्यातलं वाक्य चष्मा न लावता वाचून दाखवलं: दिसावं म्हणून वाकणं तीनशे पट वाढवून दाखवलं आहे.

"म्हणजे खरं किती वाकलंय?" तिने विचारलं.

"नखाच्या जाडीइतकं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

इतक्या बारीक अक्षरांत लिहिणाऱ्यांची तक्रार करायला हवी. एक मात्र झालं, धोका दिसताच मी किती तत्परतेने हलतो हे सगळ्यांनी पाहिलं. दुपारी जेवणाच्या वेळी माझ्या ताटाशेजारी कुणीतरी केळं ठेवलं होतं. मी ते खाल्लं.

२ फेब्रुवारी

शुक्रवार. कॅन्टीनमध्ये गोल पाव, लोणी, चीज. विलुम मोठ्याने म्हणाला, "तोर्किल, पोट कमी कर बाबा. एप्रिलमध्ये तुला लटकायचंय."

हे इथे लिहून ठेवायला हवं, कारण इतिहासकाराला ठाऊक नसणार. गुड्रुनच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे: हिशेबावर ज्याची सही, तो झोळीत पहिला. नवी क्रेन शुक्रवारी कॅन्टीनमध्ये बसवतात, सही करणारा सगळ्यांसमोर झोळीत बसतो, त्याला वर उचलतात, आणि तो खाली उतरल्याशिवाय एकही क्रेन कारखान्याबाहेर जात नाही. एगोन वर बसून चीज लावलेला पाव खायचा. सावकाश, जणू बसची वाट बघतोय. पाव संपला की हात झटकायचा आणि म्हणायचा, "घ्या उतरवून." मग सगळे टाळ्या वाजवायचे.

मला तिथे बसायचं आहे. तीस वर्षं मी हे खालून पाहिलंय. माझ्या ड्रॉइंगवरून बनलेली क्रेन, माझ्या डोक्यावर एगोनचे बूट, आणि टाळ्या बुटांना. हे मी लिस्बेटलाही कधी सांगितलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

गृहपाठ परत मिळाला. मी दांड्याचं पूर्ण गणित दिलं होतं, सहा रंगीत पानं. अस्ब्योर्नने पहिल्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: "भिंत कशाची आहे?"

सहा पानं वाचून माणसाला हा प्रश्न पडतो. मी त्याच्या खाली लिहिलं, "पांढरी," आणि कागद परत दिला. मलाही विनोद करता येतो हे त्याला कळू दे. तो हसला नाही. मास्तर लोकांना आपल्या विनोदाखेरीज दुसऱ्याचा चालत नाही.

२७ फेब्रुवारी

एक ठिपका. दांडा जिथे पाटीला मिळतो तिथे, आतल्या काटकोनात, एक लाल ठिपका दिसतोय. तीळभर. बाकी सगळं हिरवं-निळं.

अस्ब्योर्न वर्गात म्हणाला होता की जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर खरं. म्हणून मी त्या कोपऱ्यात जाळी दुप्पट बारीक केली. ठिपका जास्त लाल झाला. आणखी बारीक केली. आणखी लाल. जितकं जवळून पाहावं तितकं वाईट. हा अनुभव मला लिस्बेटच्या माहेरच्यांचा होता, पोलादाचा नव्हता.

६ मार्च

आठवडाभर कोपऱ्याने जेवण गोड लागू दिलं नाही. आज सकाळी मार्ग सापडला. मी उलट दिशेने गेलो, जाळी जाड करत. ठिपका नारिंगी झाला, मग पिवळा, मग हिरवा. सर्वांत जाड जाळीत तर तो दिसतच नाही. दांड्याचे एवढे मोठे तुकडे केले की कॉम्प्युटरलाही दम लागला नाही. इतकी सुरक्षित क्रेन मी आजवर पाहिलेली नाही.

गुड्रुनने बातमी आणली. जुन्या सरकारी घरांमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पालिकेला आमच्याच क्रेन हव्या आहेत. तिथली न्हाणीघरं इतकी लहान की छताला लावायचं मोठं यंत्र मावत नाही. पहिली क्रेन एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी बसणार. "तू शुक्रवारी बसलास की सोमवारी आम्ही निघालो," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय.

१२ मार्च

आज शोध लागला की रंगपट्टीची वरची मर्यादा आपल्याला बदलता येते. 'लाल' कशाला म्हणायचं हे माणसाने ठरवायचं असतं. मी मर्यादा वर सरकवली, आणि बारीक जाळीतलासुद्धा दांडा अख्खाच्या अख्खा निळा झाला, जुलैतल्या फ्योर्डच्या पाण्यासारखा. मोठ्या कागदावर छापून गुड्रुनच्या दारावर लावला.

ती म्हणाली, "सुंदर. बघून एकदम शांत वाटतं."

दुपारपर्यंत तीन जणांनी त्याची प्रत मागितली. एकाने विचारलं, फ्रिजवर लावली तर चालेल का. एगोनच्या पेन्सिलीच्या आकड्यांची प्रत कुणी कधी मागितली नव्हती.

२१ मार्च

हे लिहायला नको, पण वही माझी आहे. मी निळा कागद दारावर लावला, आणि ठिपका दाखवणारा जुना लाल कागद माझ्या खणात ठेवला. दिवसातून दोनदा खण उघडून बघतो. त्या झोळीत दुसरं कुणी बसणार असतं तर मी कधीच सही करून मोकळा झालो असतो, आणि मला सुखाची झोप लागली असती. पालिकेचे म्हातारे बसणार आहेत म्हणून मी एकदाही कूस बदललेली नाही. मी बसणार आहे म्हणून बदलतोय.

विलुमकडे गेलो. म्हटलं, कोपऱ्यात खालून एक त्रिकोणी पट्टी जोड, चांगली जाड.

"का? हिशेब चुकला का?"

"हिशेब बरोबर आहे. दिसायला बरं दिसेल म्हणून."

त्याने पट्टी हातात घेऊन तोलली. "नाताळात भाजतात त्या हंसाएवढी जड आहे रे ही."

"लाव."

त्याने लावली. मग मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी लाव. त्याने तीही लावली, आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं की तोर्किलला क्रेन दिसायला बरी हवी आहे.

४ एप्रिल

वर्कशॉपच्या पोलादी चौकटीवर दांडा चढवून विलुमने वाळूची पोती टांगली. दोन माणसांचा भार, मग तीन, मग चार. दांडा जागचा हलला नाही. चौकट जमिनीत काँक्रीटने गाडलेली आहे, तीही अर्थात हलली नाही. मी पोत्यांकडे पाहून फार खूश झालो. मग लक्षात आलं की पोतं घाबरत नाही, त्यामुळे त्याच्या मताला फारशी किंमत देता येत नाही.

९ एप्रिल

शेवटी अस्ब्योर्नला लाल कागद दाखवला. एका मित्राचं काम आहे म्हणून सांगितलं.

तो म्हणाला, "तुझ्या मित्राने कोपरा अगदी टोकदार काढलाय. खऱ्या वस्तूत तसा कोपरा नसतो, वेल्डिंगची गोलाई असते. सुईच्या टोकावर ताण किती असं विचारत बसलास तर तू जितकं बारीक बघशील तितका आकडा वाढेल. आयुष्यभर वाढेल. गोलाई काढ, आकडा थांबेल."

"म्हणजे कोपऱ्याला धोका नाही?"

"कोपरा बिचारा ठीक आहे. तो लाल ठिपका म्हणजे ड्रॉइंगचा दोष, पोलादाचा नव्हे."

गोलाई मीच पुसून टाकली होती, कारण पहिल्या तासाला त्याने सांगितलं होतं की किरकोळ तपशील काढून टाका. हे मी त्याला बोललो नाही. घरी येऊन गोलाई काढली. आकडा थांबला. जाळी बारीक केली, तरी आकडा तिथेच. सहा आठवडे मी एका अशा ठिपक्याला घाबरत होतो जो जगात कुठेच नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी लिस्बेटला बाहेर जेवायला नेलं. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, तेच कधी होत नाही.

पट्ट्या मात्र तशाच राहू दिल्या. एवढ्या लोकांना सांगून झालं होतं.

१६ एप्रिल

अंतिम अहवाल परत आला. उत्तीर्ण. कोपऱ्याचं गणित "नीटनेटकं" असा शेरा आहे. पाचव्या पानावर, जिथे आधाराचा उल्लेख आहे, तिथे पुन्हा पेन्सिलीने: "भिंत? बोल्टांवर किती ओढ येते ते पाहिलंस का? ही भिंत तू गृहीत धरली आहेस, मोजलेली नाहीस."

या माणसाला भिंतींचं काहीतरी आहे. त्याच्या घरी ओल येत असणार. मी दांडा शिकायला आलो होतो, दांडा शिकलो. भिंत हा गवंड्यांचा प्रश्न आहे, आणि त्यांची संघटना मजबूत आहे.

अहवालावर सही केली. पूर्ण नाव, त्याखाली 'हिशेब आणि रचना'. पूर्वी माझ्या नावाखाली नुसतं 'रचना' असायचं. शाई वाळेपर्यंत मी कागदाकडे बघत बसलो.

२२ एप्रिल

जागेचा घोळ. एगोन लटकायचा तो कॅन्टीनच्या मधला काँक्रीटचा खांब. आता त्या खांबावर नवं कॉफीचं यंत्र बसवलंय, पाण्याच्या नळासकट. ते दोन तास हलवू या असं मी सुचवलं. मी सुट्ट्या रद्द करा म्हटलं असतं तरी लोकांनी इतक्या रागाने पाहिलं नसतं.

मग मीच खिडकीजवळची भिंत निवडली. नुकतंच कॅन्टीन वाढवलं तेव्हा बांधलेली, गुळगुळीत, उजेड छान. फोटो चांगले येतील. विलुमने भोकं पाडली.

"ड्रिल कसं गेलं बघ," तो म्हणाला, "लोण्यात सुरी जावी तसं. एरवी अर्धा दिवस जातो."

आम्ही दोघंही खूश झालो, आणि उरलेल्या वेळात कॉफी घेतली.

२५ एप्रिल

उद्या.

लिस्बेटला आज सगळं सांगितलं. एगोनचे बूट, पाव, टाळ्या. ती शर्टांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"तीस वर्षं तू हे मनात धरून बसलास?"

"धरून नाही बसलो. लक्षात होतं."

"अरे, मग आधीच कुणाला तरी म्हणायचंस ना, मलाही एकदा बसू द्या. कुणी नाही म्हटलं असतं?"

तिला समजलं नाही. मागून मिळालेल्या जागेला जागा म्हणत नाहीत. पण तिने पांढऱ्या शर्टाला पुन्हा एकदा इस्त्री केली आणि विचारलं, "भीती वाटतेय का?" मी म्हटलं, कोपरा ठीक आहे. ती म्हणाली, "कोपऱ्याचं नाही विचारलं." मग मी म्हटलं, हो.

२६ एप्रिल, सकाळ

निघतोय. न्याहारी केली नाही. पाव वर बसूनच खाईन.

२८ एप्रिल

इस्पितळ. उजवा हात चालतो आणि लिस्बेटने वही आणून दिली, म्हणून लिहितोय. डावं मनगट प्लास्टरमध्ये, डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आहे.

प्रथम जे महत्त्वाचं ते. दांडा शाबूत आहे. त्याला ओरखडासुद्धा नाही. कोपऱ्यात तडा नाही, पट्ट्या जागच्या जागी. माझ्या हिशेबाची इतकी निर्विवाद सिद्धता एगोनलाही कधी मिळाली नव्हती.

झालं ते असं. टेबलावर झेंडा होता. मी झोळीत बसलो, विलुमने बटण दाबलं, मी वर गेलो. मागच्यांना दिसत नाही म्हणून मीच म्हटलं, अजून थोडं वर घे. गुड्रुनने पाव हातात दिला. मी पहिला घास घेतला, मग दुसरा. खाली सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एकानेही चावणं चालू ठेवलं नव्हतं. खरं सांगतो, तेवढे दोन घास मी फार सुखात होतो.

मग पाठीमागून कुणी रस्क मोडावा तसा आवाज आला. दांडा, पाटी, चारही बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टाला चिकटलेला भिंतीचा एकेक पांढरा गोळा, असं सगळं एकत्र निघालं. मी आधी खाली पोचलो. दांडा माझ्या मागून आला आणि नडगीवर पडला. डॉक्टर म्हणाली, एवढं जड काय होतं? मी म्हटलं, पट्ट्या.

ती भिंत हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची होती. आत हवाच जास्त. तिच्यावर कॅलेंडर लावावं, फार तर एखादं चित्र.

२८ एप्रिल, दुपार

गुड्रुन येऊन गेली. फुलं आणली. मी म्हटलं, "दांडा शाबूत आहे."

"पाहिला," ती म्हणाली. "विलुमने उचलून ठेवलाय. एक रेघ नाही त्याच्यावर."

"मग हिशेब बरोबर होता."

ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ कोटाची बटणं काढत राहिली. मग म्हणाली, "उद्या पहिली क्रेन एल्से-मारीकडे बसणार होती. शहाऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते. मी काल तिच्या घरी जाऊन आले. न्हाणीघराच्या भिंतीत टाचणी खुपसून बघितली, पूर्ण आत गेली. खालच्या घरातही तसंच, वरच्या घरातही. सगळी इमारत त्याच ठोकळ्यांची आहे. सगळ्या क्रेन थांबवल्यात मी." कोटाची बटणं पुन्हा लावत म्हणाली, "मीही विचारलं नव्हतं, तोर्किल. दारावरचा निळा कागद बघत बसले."

मी फुलं मोजू लागलो.

"तू बसलास ते फार बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्या चांगल्या हातावर थोपटून गेली.

हे वाक्य मी आधी कौतुक म्हणून घेतलं. तासभर छान वाटलं. मग त्याचा अर्थ लागत गेला. तीन महिने मी शिकलो, सहा पानं रंगवली, सही केली, आणि या सगळ्यात कंपनीच्या उपयोगी पडलं ते माझं ढुंगण. तेवढंच खरं बोललं. एल्से-मारी ओली, साबण लावलेली, त्या उंचीवर बसलेली असती. तिच्यासाठी एक रात्रसुद्धा माझी झोप मोडली नव्हती, हे मीच आधीच्या पानांवर लिहून ठेवलंय, स्वच्छ अक्षरात. मला लाज वाटते. यात गंमत करण्यासारखं मला काही सापडत नाही.

२९ एप्रिल

आज मला आंघोळ घालायची होती. पाय मोडलेला, मनगट मोडलेलं, कुबड्या धरता येत नाहीत. तेव्हा ट्रीने नावाची नर्स छताखालच्या रुळावरून यंत्र ओढत आली, आणि माझ्या खाली झोळी सारली.

यंत्र आमचं नव्हतं. झोळीचे हूक मात्र मला पाठ आहेत, असले शेकडो मी काढलेत. आकडा किती जाड, वाक किती, कुठल्या पट्ट्याला कुठला रंग. फक्त मला हे माहीत नव्हतं की पट्टे आवळले की गुडघे छातीशी येतात, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, आणि माणूस वर पाहतो कारण दुसरीकडे कुठे पाहताच येत नाही. वर खोट्या छताच्या पांढऱ्या फरशा होत्या. रूळ त्यांच्या आत शिरून दिसेनासा झाला होता.

"थांबा," मी म्हटलं. "हा रूळ कशाला धरलाय?"

"छताला."

"पण छत कशाचं आहे? फरशांच्या वर काय आहे?"

ट्रीनेने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "मी इथे सात वर्षं आहे. हे कुणी विचारलं नव्हतं. इंजिनिअर आहात वाटतं तुम्ही?"

तीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं, "ड्राफ्ट्समन. कुणाला तरी विचारता का, प्लीज?"

तिने खरंच देखभाल विभागाला फोन लावला. पलीकडच्याने बघून सांगतो म्हटलं, तिने फोन कानाला लावून धरला, मी झोळीत तसाच अर्धवट बसून राहिलो, उघडा, गुडघे छातीशी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काँक्रीट. जाड काँक्रीट आहे म्हणतो. पुरे?"

मी पुरे म्हटलं. तिने बटण दाबलं, अंथरूण माझ्या खालून सुटलं, आणि मी तिची बाही धरली ती न्हाणीघरात पोचेपर्यंत सोडली नाही.